भांडायला कुणीतरी हवं

घरातले लोक आपल्याशी वाद घालायचे थांबले, की समजावं आपण म्हातारे झालो. केस, दात, गुडघे वगैरे मंडळी त्याच्या आधीच राजीनामा देऊन गेलेली असतात, पण त्यांचं कुणी एवढं मनावर घेत नाही.

शोळिंगनल्लूरला मुलाकडे राहायला आल्यावर मला हे पहिल्यांदा जाणवलं. सकाळी चहा पिताना मी म्हणालो, "यंदा पाऊस लवकर येणार." चिरंजीव लॅपटॉपमधून म्हणाले, "हो बाबा." संध्याकाळी मुद्दाम म्हणालो, "यंदा पाऊस काही येत नाही." चिरंजीव म्हणाले, "हो ना बाबा." सूनबाई तर इतकी गुणी, की आमटीला नावं ठेवली तरी म्हणते, "बरोबर आहे बाबा, उद्या चिंच कमी घालते." अशा घरात माणसानं करायचं काय? मिरजेत मी आमटीला नावं ठेवली असती, तर बायकोनं रिकामं पातेलं पुढ्यात आपटून "उद्यापासून तुम्हीच करा" असं ऐकवलं असतं आणि त्या निमित्तानं तासभर बोलणं झालं असतं.

मिरजेला आमचा कट्टा होता. म्हणजे अजून आहे, मीच तिथे नाही. निवृत्त पोस्टमास्तर, हायस्कूलचे पी.टी.चे सर, स्वतः कवळी लावणारे दाताचे डॉक्टर आणि पाटबंधारे खात्यातला मी. कट्ट्याचा नियम एकच. कुणीही काहीही म्हटलं, की बाकीच्यांनी ते खोडून काढायचं. विषयाची माहिती असण्याची सक्ती नव्हती. माहिती असलेला माणूस उलट जरा अडचणीचाच वाटायचा.

शोळिंगनल्लूर हे चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर. रस्त्याचं कागदोपत्री नाव राजीव गांधी सालै, पण रिक्षावाल्यापासून कंपनीच्या साहेबापर्यंत सगळे त्याला ओएमआर म्हणतात. 2011 मध्ये हे गाव महापालिकेत आलं, आणि तेव्हा जे काही मोकळं उरलं होतं तेही पुढे इमारतींनी भरून काढलं. दोन्ही बाजूंना काचेच्या कंपन्या, मधोमध मेट्रोचे खांब, आणि चौकातल्या सिग्नलला एक आयुष्य जातं. पश्चिमेला पळ्ळिकरणैची दलदल, पूर्वेला बकिंगहॅम कालवा, त्याच्या पलीकडे समुद्र. एवढं पाणी चहूबाजूंना असून आमच्या सोसायटीत पाणी येतं ते टँकरनं. जन्म कालव्यांत घालवलेल्या माणसानं हे बघून काही बोलू नये, अशी अपेक्षा असते. मी बोलतो. सगळे "हो काका" म्हणतात.

मित्रांशी संबंध ठेवायला व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे. रोज सकाळी त्यावर व्हिडिओ कॉल होतो. डॉक्टरांचं फक्त कपाळ दिसतं, पोस्टमास्तर फोन कानाला लावतात त्यामुळे आम्हाला त्यांच्या कानातले केस दिसतात, आणि पी.टी. सर स्वतःचं चित्र बघून दर वेळी "हा कोण?" असं विचारतात. पण कट्ट्यावरची मजा त्यात नाही. वाद रंगात आला की नेमकं कुणाचं तरी तोंड उघडं राहून चित्र गोठतं. माणूस पुन्हा चालू होतो तेव्हा त्याला आपला मुद्दाच आठवत नाही. वादाला रेंज फार लागते.

राहिला छंद. माझा छंद पेटी. गोधडीत गुंडाळून ती माझ्याबरोबर रेल्वेनं आली; वाटेत टीसीनं ती उघडायला लावली आणि एक सूर वाजवून घेतला. मुलाचं म्हणणं, "बाबा, पेटीचं अ‍ॅप मिळतं, हेडफोन लावून वाजवा." हेडफोन लावून पेटी वाजवायची म्हणजे तोंड बांधून भजी खाण्यातला प्रकार. मी पहिल्याच संध्याकाळी बाल्कनीचं दार सताड उघडलं आणि भाता हलवला. दुसरा राग सुरू करेपर्यंत घंटी वाजली.

दारात शेजारचे मामा. पांढरी वेष्टी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात माझ्याविरुद्ध तक्रार. इथे वयस्कर गृहस्थाला मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. वयानं मीच दोन वर्षांनी मोठा आहे आणि हा मुद्दा आमच्यात अजून निकाली निघालेला नाही. मामांची उभी नोकरी मुंबईत झालेली, बिऱ्हाड माटुंग्याला, षण्मुखानंद सभागृहातल्या मैफली तोंडपाठ. मराठी अस्खलित, फक्त लिंगवचनाशी पटत नाही.

"सार, तुमचा पेटी फार आवाज करते."

"आवाज करण्यासाठीच घेतली आहे."

"आमच्या संगीतात हे चालत नाही. गमक येत नाही त्याच्यात. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारतो. ऑल इंडिया रेडिओनं बंदी घातला होता, ठाऊक आहे?"

ठाऊक नसायला काय झालं? 1940 ची बंदी ही पेटीवाल्यांच्या घराण्यातली जुनी जखम आहे. "1971 ला उठवली," मी म्हणालो.

"अर्धवट!" मामा म्हणाले.

कितीतरी दिवसांनी मला कुणी "अर्धवट" म्हणालं होतं. मी त्यांना आत बोलावलं आणि ठेवणीतला बाण काढला. "तुमच्या कचेरीत, म्हणजे मैफलीत, गवयाच्या शेजारी व्हायोलिन असतं, ते कुठल्या देवळाच्या गाभाऱ्यात सापडलं?" कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बालुस्वामी इथेच मद्रासेत गोऱ्या वादकाकडून व्हायोलिन शिकले, हे मी कधीतरी वाचून ठेवलं होतं. मामा काही न बोलता उठले आणि गेले. बायको म्हणाली, "झालं? आल्या आल्या शेजार तोडलात."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला घंटी वाजली. मामा. एका हातात फिल्टर कॉफीचा डबरा-टंबलर, दुसऱ्या हातात चिठ्ठी. रात्रभर जागून उत्तर तयार केलं होतं. "व्हायोलिन आम्ही खाली बसवला. मांडी घातली, त्याचं टोक पायावर टेकवला. त्याचा सगळा ताठा गेला. तेव्हा तो आमचा झाला."

"पेटीही आम्ही खालीच बसवली," मी म्हणालो. "विलायतेत ती पायानं भाता मारून वाजवायचे. कलकत्त्यात तिला हाताचा भाता लावला, मग ती मांडीशी आली."

"मांडीशी आली, पण गमक कुठे आला?"

तेव्हापासून आमचं रोज संध्याकाळी बसतं. मी वाजवतो, मामा चुका काढतात. मध्येच ते त्यागराजाची एखादी कृती गुणगुणतात, मी साथ धरायला जातो, आणि गमकाच्या वळणावर माझी पेटी त्यांच्या गळ्याला चुकते. मामा विजयी मुद्रेनं थांबतात. मग ते अभंग म्हणतात. इकडच्या भजनी मंडळांत मराठी अभंग पिढ्यान्‌पिढ्या गायले जातात. तंजावरला मराठी राजे होते, तेव्हापासूनचा तो वारसा. पेटीही भजनात चालते, हे मामांनी बऱ्याच छळानंतर कबूल केलं. पण त्यांच्या अभंगातला 'ळ' आमच्यापेक्षा खणखणीत असतो आणि ते तो मला मुद्दाम दोनदा ऐकवतात.

बायकोला ओळखी करायला असलं काही करावं लागलं नाही. तिला तमिळ येत नाही, इंग्रजीशी तिचं कधी जमलं नाही, आणि सोसायटीच्या प्रत्येक मजल्यावर तिची मैत्रीण आहे. मार्गळी महिन्यात पहाटे खाली कोलम काढायला जाते. आधी पिठाच्या ठिपक्यांची जाळी, मग ठिपक्याला न शिवता त्याच्याभोवतीनं फिरणारी एकच रेघ, निघाली तिथे परत येणारी. आणि हे सगळं खाली न बसता, कमरेत वाकून. मिरजेला फरशीवर पडलेली पळी उचलायला तिला मी लागत असे.

डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग वादळ आलं. पाऊस असा, की दलदलीनं आपली जुनी जागा परत मागितली. पार्किंगमध्ये पाणी, वीज गेलेली, लिफ्ट बंद, मोबाइल मेलेला. मुलगा आणि सून ऑफिसचं काम कसं करायचं या धसक्यानं आजारी पडायच्या बेतात. मी आणि मामा जिन्यात बसलो होतो. पाटबंधाऱ्याचा माणूस म्हणून मला पहिल्यांदाच श्रोते मिळाले. ओहोळाच्या तोंडाशी इमारत बांधली की पाणी कुठे जाणार, यावर मी व्याख्यान दिलं. मामांनी मध्येच माझा उताराचा हिशेब चुकीचा ठरवला. मेणबत्ती विझेपर्यंत त्यावर चाललं.

रेंज आल्यावर मिरजेहून पहिला फोन पी.टी. सरांचा. कसा आहेस, जेवलास का, काही नाही.

"किती फूट?"

"पार्किंगमध्ये कमरेएवढं होतं."

"हॅट लेका! 2019 ला आयर्विन पुलाजवळ नदीचं पाणी 57 फूट होतं. कमरेएवढ्याला पूर म्हणतोस?" मागून डॉक्टर ओरडले, "57 च्या वर होतं!" मग त्या वरच्या इंचांवरून त्यांची तिथे जुंपली आणि फोन तसाच चालू राहिला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण माझी आणि मामांची खरी लढाई गवई अब्दुल करीम खाँसाहेबांवरून झाली. मिरजकराला खाँसाहेब म्हणजे घरचे. जन्म कैरान्याचा असला तरी राहिले मिरजेत, मिरजेच्याच दर्ग्यात विसावले, आणि दर उरुसाला तिथे अजून गाणं होतं. मामांचं म्हणणं वेगळं. खाँसाहेब म्हैसूरला आले, मद्रासला आले, इथली सरगम उचलून घेऊन गेले, त्यागराजाच्या कृतींच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. "म्हणजे सार, माणूस तुमचा, सुधारणा आमची." आणि शेवटी हुकमाचं पान: 27 ऑक्टोबर 1937 ला पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांची प्रकृती गाडीत बिघडली, ते सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनवर उतरले आणि तिथल्या फलाटावरच गेले. "शेवटचा सूर आमच्याकडे लागला."

सिंगपेरुमाळ कोइल इथून फार लांब नाही. तांबरमला जाऊन चेंगलपट्टूची लोकल पकडली की झालं. आम्ही गेलो. मामांनी बरोबर दहीभात घेतला, मी त्यावर टीका केली आणि निम्मा खाल्ला. स्टेशन चारचौघांसारखं, कॉलेजची पोरं, मोगऱ्याचे गजरे माळलेल्या बायका, कानात बोंडं घातलेले लोक. खाँसाहेब नेमके कुठे टेकले असतील, यावर आमचे दोन तट पडले. मामा म्हणाले, ह्या टोकाला. मी म्हणालो, सावली त्या टोकाला असणार. निकालासाठी कट्ट्याला फोन लावला.

"फलाट कुठला बघताय?" पोस्टमास्तर गरजले. "तेव्हा तिथे मीटर गेज होती. सगळं बदललं असणार." पोस्टमास्तर मिरज जंक्शनच्या सावलीत वाढलेले. तिथे एके काळी ब्रॉड, मीटर, नॅरो अशा तिन्ही गेजच्या गाड्या यायच्या, त्यामुळे गेज या विषयावर ते कुणाला बोलू देत नाहीत. मामांनी फोन माझ्या हातातून घेतला. "सार, गेज बदलतो, जागा बदलत नाही." पलीकडे पी.टी. सर सरसावले. पुढच्या दोन लोकल गेल्या तरी ते बोलत होते आणि मी फलाटावर मामांची दहीभाताची पिशवी धरून उभा होतो.

परत येईपर्यंत मामा आमच्या ग्रुपवर आले होते. आता सकाळच्या कॉलला कपाळ, कान, पी.टी. सर आणि विभूती असे चौघे असतात; मला कुणी काही विचारत नाही. येत्या उरुसाला मामा मिरजेला जाणार आहेत. मुक्काम डॉक्टरांकडे की पोस्टमास्तरांकडे, यावरून तिथे दोन गट झाले आहेत. मिरजेतलं दही मद्रासी भाताला चालेल का, हा विषय कालपासून तापला आहे. पी.टी. सरांनी मामांसाठी पुढची सतरंजी धरायचं वचन दिलंय.

मी रात्री ग्रुपवर लिहिलं, "मीपण येतोय रे मामांबरोबर."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग पी.टी. सरांचा निरोप आला. "तू कशाला?"