काळ्या सिलिकॉनची भूक

आरशाच्या चकचकाटाचं कौतुक करताना एक विसरायला होतं: आलेला प्रकाश त्यानं दारातूनच परत पाठवलेला असतो. माणसांतही अशी मंडळी असतात, पण तो विषय नको. सिलिकॉनचं बोलू. घासूनपुसून लख्ख केलेली सिलिकॉनची चकती अंगावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे तिसरा हिस्सा परतवते. जिच्याकडून वीज करून घ्यायची, तिचाच हा नखरा! म्हणून तिला सिलिकॉन नायट्राइडचा पातळ लेप देतात. गच्चीवरच्या सौर पॅनलचा निळसरपणा त्याचाच.

1990च्या दशकाच्या उत्तरार्धात हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांच्या गटानं सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूत ठेवलेल्या सिलिकॉनवर लेसरचे अतिशय छोटे झटके मारले. चकती काळीठिक्कर पडली. तिच्यावर सुयांचं दाट रान उगवलं होतं. अशा सुया प्लाझ्मानंही कोरता येतात, आणि त्या तर केसाच्या शंभराव्या हिश्शाहून बारीक असतात. प्रकाश आत शिरला की त्याला बाहेरची वाटच सापडत नाही. स्थळं बघताना गोरा रंग शोधणाऱ्या आपल्या लोकांनी या काळेपणाकडे जरा नीट पाहावं.

पण भरपूर जेवणाऱ्याच्या अंगी लागतंच असं नाही. सुयांमुळे पृष्ठभाग वाढतो, आणि पृष्ठभाग म्हणजे इलेक्ट्रॉन हरवण्याची हमखास जागा. प्रकाशानं मोकळे केलेले इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचण्याआधीच तिथे गारद होतात. काळ्या सिलिकॉनची कितीतरी वर्षं अशी खादाड पण काटकुळी गेली. 2015 साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात हेले सावीन यांच्या गटानं सुयांवर ॲल्युमिनाचा नाजूक थर चढवला, विजेच्या जोडण्या मागच्या बाजूला नेल्या, आणि कार्यक्षमता 22.1 टक्क्यांवर आणली. हा उद्योग फिनलंडनंच करावा हे रास्त आहे. तिथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजावरून जेमतेम डोकावतो, आणि तिरपं ऊनही या सुया सोडत नाहीत. आम्ही मे महिन्यात उपरणं डोक्यावर घेऊन सावली शोधणारे. आम्हाला असली काटकसर कशी सुचावी?

पुढे कारखान्यातही काळ्या सिलिकॉनला काम मिळालं. बहुस्फटिकी चकत्या हिऱ्याच्या तारेनं कापू लागल्यावर त्या पृष्ठभाग खडबडीत करणाऱ्या नेहमीच्या आम्लाला दाद देईनात. तेव्हा चांदीच्या कणांच्या मदतीनं त्यांना काळं करण्याची युक्ती उपयोगी पडली. जम बसतो न बसतो तोच बाजार एकस्फटिकी चकत्यांकडे वळला. त्यांच्यावर अल्कलीच्या साध्या द्रावणात इवलाले पिरॅमिड आपोआप उठतात, स्वस्तात, आणि लेसरवाल्याला न बोलावता.