और कुछ?

राज्यात शिस्त आणण्यासाठी आजवर कितीतरी समित्या नेमल्या गेल्या, पण त्यातल्या एकीवरही उडुपी हॉटेलचा मालक घेतल्याचं ऐकिवात नाही. सिग्नलला न जुमानणारा, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा आपला मराठी माणूस माटुंग्याच्या उडप्याकडे भर दुपारी अनोळखी गृहस्थाच्या ताटासमोर निमूट बसतो, खाली मान घालून जेवतो आणि तोंडातला घास गिळायच्या आत उठतो. पोलीस नाही, दंड नाही. वेटर फक्त म्हणतो, ‘और कुछ?’

पाठोपाठ ओला फडका येतो, थेट आपल्या कोपरापर्यंत. कॉफी निम्मी असतानाच बिल बशीखाली सरकतं. शिवाय खुर्चीमागे पुढचं कुटुंब उभं असतं. त्यातल्या आजी आपल्या वाटीतल्या सांबाराकडे अशा काही बघतात, की आणखी एक कॉफी सांगायची कुणाची छाती होत नाही. आजींना मालक पगार देत नाही. खुर्च्या तेवढ्याच, पंगती मात्र चौपट!

इराण्याचं तंत्र निराळं. संगमरवरी टेबलावर एक बनमस्का घेऊन तासभर बसा, तो हलवणार नाही. मात्र भिंतीवरच्या आरशांतून पाठमोरं गिऱ्हाईकही गल्ल्यावरून दिसतं आणि उरलेलं काम पाटी करते. धोबीतलावच्या बस्तानीत केस विंचरू नका, कॅशियरशी बोलू नका अशा सूचनांची पाटी होती; निस्सीम इझिकेल यांनी तिची कविता केली. (पुणेरी पाट्यांचा कवी अजून जन्मायचा आहे. बहुधा दुपारी एक ते चार झोपला असावा.)

एसी हॉटेलात तर माणूस आपणहून माणसाळतो. वेटर वाकून विचारतो, ‘पाणी रेग्युलर की मिनरल?’ घरी नळाला ओंजळ लावणारा गृहस्थ समोर मेहुणा आहे हे पाहून ‘मिनरल’ म्हणतो. मेनूकार्डावर रुपयाचं चिन्ह नसतं, नुसते आकडे. चलनाची खूण काढली की गिऱ्हाईक जास्त खर्च करतं, असं अमेरिकेत कॉर्नेलच्या संशोधकांना २००९ साली एका हॉटेलात दिसलं होतं. त्याच्याही आधी, १९८६ साली, रोनाल्ड मिलिमन यांनी डॅलसच्या एका रेस्टॉरंटमधली निरीक्षणं छापली. जलद संगीतावर माणसं पाऊण तासात उठत, संथ संगीतावर छप्पन मिनिटं रेंगाळत. जेवणाचा खर्च जवळपास तेवढाच राही, दारूचा वाढे. परमिट रूममध्ये गझल का लावतात, याचा उलगडा झाला. शायराचा विरह तिसऱ्या पेगच्या कामी येतो.

शेवटी बिल. त्यात सेवाशुल्क. ते आपोआप लावता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. कायदा पूर्णपणे आपल्या बाजूचा. पण दिवे इतके मंद, की ती ओळ वाचायला मोबाइलची टॉर्च लावावी लागते आणि टॉर्च लावली की मेहुण्याला दिसतं. तेव्हा गृहस्थ हसत कार्ड पुढे करतो, वर टिपही ठेवतो, आणि सेवाशुल्काची वसुली म्हणून मूठभर बडीशेप घेतो.