खोकं फोडू नका, बँकेत न्या

विमान कंपनीच्या क्रेडिट कार्डाचा पैन् पै फायदा कसा उकळावा, हे अमेरिकी टांकसाळीला विचारावं. नोटेची सवय मोडून एक डॉलरचं नाणं लोकांच्या हाती रुळावं म्हणून तिने २००८ मध्ये ही नाणी दर्शनी किमतीला घरपोच द्यायला सुरुवात केली. टपालखर्च सरकारचा. आणि कार्ड चालेल!

मग काय, जाणकारांनी खोकीच्या खोकी मागवली. २५० नाण्यांचं खोकं दारात आलं की गाडीच्या डिकीत, तिथून थेट बँकेत. त्याच पैशांतून कार्डाचं बिल चुकतं. व्याज शून्य, खर्च शून्य, आणि खात्यात डॉलरमागे विमानप्रवासाचा एक मैल. कंबर धरली तर ती तेवढी स्वतःची.

नाणी फिरली नाहीत असं कसं म्हणावं? टांकसाळीतून टपालात, टपालातून बँकेत, चांगली फिरली. पण ती टांकसाळीच्याच खोक्यांतून परतताहेत हे कळल्यावर साहेबांची ट्यूब पेटली. जुलै २०११ मध्ये कार्ड बंद झालं. नाणी हवीत तर चेक पाठवा, असं ठरलं. नाण्यांची इतकी हौस असलेली गिऱ्हाइकं मग पुढच्या कार्डाची जाहिरात वाचायला बसली.