पांढरी पाचच्या किंचित वर

माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या माथ्यावर एके काळी नाव होतं. मी ती भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यातून घेतली तेव्हा त्या नावाची फक्त डिंकाची सावली उरली होती. भिंतीवरून जुनं कॅलेंडर काढल्यावर मागे जो फिकट चौकोन राहतो, तशी. गाळ्याच्या मालकांच्या मुलाने ती दहावीनंतर हट्टाने मिळवली होती आणि बारावीच्या आत विसरली होती. मग ती बरीच वर्षं वाट्या-ताटल्यांच्या खोक्यांमागे, घरात राहायला आलेल्या दूरच्या नातेवाइकासारखी, कोणाच्या पायात न येता उभी होती. किंमत विचारली तर मालक संकोचले. "वजनावर द्यायची असती तर लगेच सांगितली असती," म्हणाले.

तेव्हापासून जो येतो तो गिटारकडे बघून एकच विचारतो, "कुठल्या कंपनीची?" आणि मला लग्नाच्या बैठकीत आडनाव विसरलेल्या नवरदेवाच्या मामासारखं होतं. पुढचा प्रश्न ठरलेला: "पण फेंडर-गिब्सनच्या तोडीची आहे का?"

आता ही दोन मोठी घराणी. पण लिओ फेंडर हे गृहस्थ मूळचे कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावचे रेडिओ दुरुस्त करणारे, आणि 1954 साली ज्यांच्या कारखान्यातून स्ट्रॅटोकास्टर बाहेर पडली त्या फेंडरना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. जन्मभर पंगती उठवणाऱ्या आचाऱ्याला भात वर्ज्य असावा, तसं. गिब्सनने त्याआधी दोन वर्षं लेस पॉल बाजारात आणली होती. आणि मग आपल्या कोलकात्याची गिव्हसन. एका अक्षराचं अंतर राखून उभी, मोठ्या घरच्या चुलतभावासारखी: चेहरा तोच, सातबाऱ्यावर नाव नाही. पण आपल्याकडच्या किती पोरांच्या बोटांना पहिले घट्टे तिनेच पाडले! त्या घट्ट्यांवर कुठल्याही कंपनीचा शिक्का नसतो. शिवाय त्या थोरामोठ्या गिटारींच्या मानेवरची काळसर पट्टी कित्येकदा भारतीय शिसवाची असते. ज्या गोऱ्या सुनेचं आपण तोंडभर कौतुक करतो, तिचं माहेर सह्याद्रीच्या उतारावर निघावं, असा हा प्रकार. माझ्या गिटारचं लाकूड कुठलं म्हणून खालच्या सुतारांना वर बोलावलं, तर त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात त्या स्वरात म्हणाले, "शिसव नाही. सागही नाही. पण आहे लाकूडच."

या बाबतीत मला खरा अधिकारी माणूस वाटतो तो उत्तनचे अंकल. सत्तरच्या दशकात उत्तन, डोंगरी, गोराईच्या लग्नांतून ते बँडमध्ये गिटार वाजवत. तेव्हा परदेशी गिटार म्हणजे कोणाचा तरी मामा बोटीवर कामाला असेल तरच दिसायची. अंकलची गिटार एका सुताराने केलेली. बँडच्या पोरांना वाटलं, निदान नाव तरी हवं. म्हणून त्यांनी ती किनाऱ्यावर होड्यांची नावं रंगवणाऱ्या पेंटरकडे नेली आणि 'फेंडर' लिहायला सांगितलं. पेंटरने ब्रश थांबवून विचारलं, "फेंडर म्हंजे होडीला आपटू नये म्हणून टायर लटकवतात तोच ना? मग गिटारीला टायर कशाला?" त्यांनी खूप समजावलं. शेवटी त्याने लिहिलं, पण होडीवर लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत, खाली एक लाट काढून. अंकल सांगतात, ती लाट बघायला माणसं स्टेजजवळ येत.

मागच्या पावसाळ्यात अंकलचा पुतण्या दुबईहून खरी स्ट्रॅटोकास्टर घेऊन आला, आणि मला परीक्षेची खुमखुमी आली. मी कुठेतरी वाचलं होतं की 2010 साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या एका हॉटेलात 21 व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल चढवून त्यांच्या हातात जुनी स्ट्रॅडिव्हेरियस आणि कालपरवाची नवी व्हायोलिनं दिली होती. जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून अत्तरसुद्धा लावलं होतं. बहुतेकांनी घरी न्यायला नवंच निवडलं. हे वाचल्यावर भाईंदरमध्ये राहून वेल्डिंगचा गॉगल मिळवणं अवघड नव्हतं. मी त्याच गाळ्यात गेलो. मालकांनी गॉगल दिला आणि काळजीने विचारलं, "काही जोडायचंय का?"

रविवारी संध्याकाळी अंकल आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर गॉगल लावून बसले. वास मारायला अत्तर नव्हतं, पण बायकोने बोंबील तळायला घेतले होते, त्यामुळे ती बाजू भक्कम होती. अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि नेहमीची घूं सुरू झाली. एकाच वेटोळ्याच्या पिकअपला भिंतीतली वीज ऐकू येते. म्हणूनच 1955 साली गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडून तो आवाज मिटवला. पण मला ती घूं आवडते. आपली वीज सेकंदाला 50 हेलकावे खाते आणि पेटीवरच्या पांढरी पाच या सुराचे, मंद्राच्याही खूप खाली, 49. म्हणजे सगळं मीरा-भाईंदर, मिक्सर, पंखे आणि ट्यूबलाइटींसकट, पांढरी पाचच्या किंचित वर गुणगुणत असतं. अमेरिकेत 60 हेलकावे. तिथली घूं काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये कुठेतरी लटकलेली, धड इकडे ना तिकडे.

अंकलनी पहिली गिटार वाजवली, दुसरी वाजवली, पुन्हा पहिली मागितली. "ही," ते म्हणाले, आणि कुठली ते मी वहीत लिहिणार एवढ्यात वीज गेली.

पंखा हळूहळू थांबला. विजेशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसता तारेचा किणकिणाट, उशीखालच्या घड्याळाएवढा. पण अंकल थांबले नाहीत. एखादं जुनं लग्नातलं गाणं असावं; ऐकायला आम्ही सगळे पुढे सरकलो. कढईतलं तेलही जरा दमाने घेऊ लागलं. खाडीच्या पुलावरून लोकल जाताना मधले दोन सूर तिच्यात बुडाले, आणि अंकलनी ती जाईपर्यंत थांबून ते पुन्हा वाजवले. काळोखात त्यांच्या हातात कुठली गिटार होती, मला दिसत नव्हतं. गॉगल काढायचंही कोणाला सुचलं नाही.

"मीठ लागलंय का बघा," स्वयंपाकघरातून अंधारातच एक बशी आली.

मग वीज आली. दिव्याच्याही आधी, घूं.