तिरळी इंजिनं

दिघ्याला विमान उडवण्याइतकं मैदान नाही. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता, मधल्या जागेत कारखाने, विजेच्या तारा आणि चाळी. १२ जानेवारी २०२४ पासून दिघा गाव स्टेशनही या गर्दीत सामील झालं. तरी आमच्या मेव्हण्याला मॉडेल विमानांचा नाद लागलाच, आणि तोही दोन इंजिनांच्या. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर चक्क माणसं बसतील असं विमान बांधलं; २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मुंबईने ते पाहिलं. त्याला इंजिन एकच. "खऱ्याला एक पुरतं, मग तुझ्या खेळण्याला दोन कशाला?" मी विचारलं.

"दाजी, एक बंद पडलं तर दुसरं असतं ना!"

गैरसमज गोड असला तरी महाग आहे. दोघेजण हातगाडी ढकलताना डावीकडचा मधेच तंबाखू मळायला थांबला, तर उजवीकडच्याचा जोर गाडीला पुढे नेत नाही, डाव्या गटारात नेतो. विमानाचंही तेच. डावं इंजिन मेलं की नाक डावीकडे वळतं, डावा पंख मंदावतो, खाली जातो, आणि वेग कमी असला की विमान पाठीवर पडतं. एका इंजिनवाला निदान तरंगत तरी खाली येतो.

त्यावर तोडगा म्हणजे इंजिनं समांतर न बसवता किंचित बाहेर बघतील अशी बसवायची. ओढीची रेषा विमानाच्या गुरुत्वमध्याच्या जवळून गेली की तिची तरफ आखूड होते आणि एकट्या पडलेल्या इंजिनाची दांडगाई कमी होते. त्यातही पंक्तिप्रपंच आहे. मागून बघताना दोन्ही प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरत असतील, तर नाक वर असताना उजवीकडून खाली येणारं पातं जास्त ओढतं. त्यामुळे उजव्या इंजिनाची ओढ मध्यापासून आणखी लांब जाते. म्हणून डावं मेलेलं जास्त वाईट, आणि बाहेरचा कोन उजव्याला थोडा जास्त.

कोन म्हणजे तरी किती, दोन-तीन अंश. मेव्हणा एका कारखान्यात टूलरूमला, त्यामुळे 'अंदाजे' हा शब्द त्याला शिवीसारखा लागतो. माउंटच्या बोल्टांत ४० मिलिमीटर अंतर, म्हणजे दोन अंशांसाठी एका बाजूच्या बोल्टांखाली १.४ मिलिमीटरचे वॉशर. कोन तपासायला १०० मिलिमीटरचा साइन बार, त्याच्या एका टोकाखाली ३.४९ मिलिमीटरच्या स्लिप गेज. ही सगळी मिजास बाल्सा लाकडावर, जे दिघ्याच्या जुलैत रात्रीतून स्वतःच्या मनाने पीळ खातं!

खरी परीक्षा गॅलरीत झाली. शेजारचे आबा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "इंजिन वाकडं बसलंय."

"मुद्दाम बसवलंय, आबा."

"मुद्दाम वाकडं कोण बसवतं?"

ज्या जिन्याच्या दोन पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, त्या जिन्यात या दोन अंशांवरून सभा भरली. कोणी ओळंबा आणला. तळमजल्यावरच्या काकूंना, उजवं इंजिन दक्षिणेकडे तर बघत नाही ना, एवढीच काळजी. एकाने परस्पर पाना लावून ते 'सरळ' केलं आणि चहाची अपेक्षा ठेवली. मेव्हण्याने चहा दिला. मी दिला नसता.

कामाचं बोलला तो वायरमन. "मोटरीच आहेत ना? मग एक उलटी फिरव. दोन तारांची अदलाबदल कर." एमआयडीसीतल्या कुठल्याही थ्री-फेज मोटरीला लागू असलेलं हे शहाणपण मॉडेलच्या तीन तारांच्या ब्रशलेस मोटरीलाही तंतोतंत लागू आहे, फक्त प्रोपेलरही उलट्या पिळाचा लागतो. अमेरिकेच्या 'पी-३८ लायटनिंग' या लढाऊ विमानात दोन प्रोपेलर असेच विरुद्ध दिशांना फिरत. राइट बंधूंनी तर १९०३ सालीच एक साखळी आठाच्या आकड्यासारखी पिळून दोन प्रोपेलर उलटसुलट फिरवले होते. पण इंजिन एकच ठेवलं. बंद पडलं तर दोन्ही बाजूंनी सारखंच बंद. माझ्या मते या विषयात याहून हुशारीचं काम झालेलं नाही.

मेव्हण्याने एक मोटर उलटी केली, तिरळेपणा तसाच ठेवला. फक्त उजव्या-डाव्यातला भेदभाव संपल्याने आता दोघांना दोन-दोन अंश. उडवण्याआधी, तिथे उडवता येतं का ते कळायला, सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळाच्या नकाशावर जागेचा रंग बघायचा असतो, तोही तो बघतो. कारण नवी मुंबईला आता स्वतःचा विमानतळ आहे.

तुम्ही असं विमान करणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा. दोन अंशांनी विमान वाचत नाही, विचार करायला क्षणभर मिळतो. त्या क्षणात चालू इंजिनाचा थ्रॉटल खाली घ्यायचा, नाक थोडं खाली ठेवायचं आणि समोर मोकळं दिसेल तिथे उतरायचं. थ्रॉटल वाढवायचा नाही.