एकास बहात्तर

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात नांदेडच्या रंगाच्या दुकानांत छोट्या डब्या पुढच्या फळीवर येतात. लाल, हिरवा, सोनेरी, चांदी. बैलांच्या शिंगांसाठी. एरवी लिटरच्या खाली काही मागितलं की दुकानदार गल्ल्यातल्या नोटा मोजायला लागतो, पण या आठवड्यात पन्नास मिलिलिटर मागणाऱ्यालाही मान असतो. मला ना शेत ना बैल, तरी जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याइतकीच मी पोळ्याची वाट पाहतो.

"किती बैलं?" चांदीच्या चार डब्या पुढ्यात ठेवत दुकानदाराने विचारलं.

"बैल नाही, विमान आहे."

त्याचा हात थांबला. "केवढं?"

"सतरा इंच."

"मग चार कामून नेता? सतरा इंचाला एक लई झाली."

धंद्याला मारक असं खरं बोलणारा दुकानदार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

विमानांची मॉडेलं करणारे लोक हम्ब्रॉलचा रंग वापरतात. त्याची डबी चौदा मिलिलिटरची, म्हणजे चहाचे तीन चमचे. ती कुठूनतरी मुंबईमार्गे नांदेडला पोचेपर्यंत रंगापेक्षा रंगाचा प्रवास महाग पडतो. त्यामुळे माझं निम्मं हवाई दल शिंगांच्या रंगात आहे. जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि जवळून पाहायला मी कुणाला देत नाही.

या छंदात जगाचं माप ठरलेलं आहे: एकास बहात्तर. सहा फुटांचा एक इंच. इंग्लंडात १९३०च्या दशकात स्कायबर्ड्स नावाची लाकडी मॉडेलं निघाली, तिथून हे माप रुळलं. मग १९५३ साली एअरफिक्स कंपनीने प्लॅस्टिकचं स्पिटफायर याच मापात काढलं आणि पुढच्या पिढ्यांतल्या बऱ्याच मुलांचा अभ्यास कायमचा बुडाला. डब्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. वैमानिक उभा असता तर एक इंच भरला असता, बसलेला असल्यामुळे त्याहून कमी. त्याचे डोळे रंगवू नयेत, रंगवले तर तो घाबरलेला दिसतो, असं जाणकार सांगतात. माझे सगळे वैमानिक घाबरलेले आहेत.

घरी आलेला प्रत्येक माणूस कपाटासमोर उभा राहून एकच प्रश्न विचारतो: "उडतं का?"

उडत नाही. उडणारी मॉडेलं वेगळी, ती बाल्सा लाकडाची. एनसीसीच्या एअर विंगमधली पोरं करतात. ती पडतात, मोडतात, पुन्हा करावी लागतात. आमची नुसती उभी असतात. "उडत नाही" म्हटल्यावर पाहुण्याच्या चेहऱ्यावर जी कीव येते, तिला माझ्याकडे उत्तर नाही. एकदा मी कॅप्टन अमोल यादवांचं नाव पुढे केलं. त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं खरं विमान बांधलं आणि २०१६ साली मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात मांडलं. मला म्हणायचं होतं, हे सगळं एकाच वेडातून येतं, फक्त त्यांचं माप एकास एक आहे. पाहुणा म्हणाला, "बघा, ते करतात तर तुम्हाला का जमू नये?" तेव्हापासून बायको मला गच्चीवर एकटं जाऊ देत नाही.

आणि उडण्याचा आग्रह धरावा असं आमच्याकडे काय आहे? नांदेडचा विमानतळ २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला मोठा झाला, देखणा झाला. विमानं आली. मग बंद झाली. २०१७ साली 'उडान'मधून हैदराबादचं विमान सुरू झालं तेव्हा पुन्हा पेढे वाटले. तेही पुढे बंद झालं, मग आणखी सुरू झालं. लातूरलाही धावपट्टी आहे. निवडणुकीत तिच्यावर वर्दळ असते, एरवी शांतता. हा सगळा काळ माझ्या कपाटातली विमानसेवा एकही दिवस खंडित झालेली नाही.

कामाचं म्हणाल तर या छंदाला सगळ्यात नालायक महिना मे. नांदेडला पारा चव्वेचाळीसवर जातो, आणि मोकळा वेळ नेमका तेव्हाच असतो. डबीतून ब्रश उचलून पंखापर्यंत नेईतो रंग वाळलेला असतो. पंखा लावायची सोय नाही, कारण वारा आला की विमानाचं एक चाक, एक अँटेना आणि अर्धं चाकाचं दार सोफ्याखाली जातं. त्यामुळे भर दुपारी खिडक्या बंद, पंखा बंद, थिनरचा वास आणि घामाने निथळणारा एक मध्यमवयीन माणूस चिमटीत काहीतरी धरून श्वास रोखून बसला आहे, असं दृश्य असतं. शेजारच्या काकू दारातून डोकावून बायकोला हळू आवाजात म्हणाल्या, "कशासाठी बसलेत? नवस आहे का?"

पडलेला भाग शोधण्याची एक रीत आहे. फरशीवर गाल टेकवून, बॅटरी आडवी धरून पाहायचं. जे काही आहे त्याची सावली लांब पडते. या रीतीने मला आजवर बटणं, तुरीची डाळ आणि बायकोचं हरवलेलं कानातलं सापडलं आहे. विमानाचा भाग केरातच सापडतो. म्हणून केर काढायला येणाऱ्या मावशींना मी सांगून ठेवलंय की टोकदार, करडं काही दिसलं तर बाजूला ठेवा. त्या इमानाने ठेवतात. आता माझ्याकडे टोकदार, करड्या वस्तूंची एक वाटी आहे आणि त्यातलं काहीही कुठल्याच विमानाला लागत नाही.

पंख चिकटवल्यावर दाबून धरायला कपड्यांचे चिमटे लागतात. दोन भागांच्या मधली फट बुजवायला लांबी लागते. विमानांसाठीची वेगळी मिळते, मी सुताराचीच वापरतो. विमानाला लांबी भरायची आणि पॉलिशपेपरने घासायची, हे ऐकून आमचा सुतार गंभीरपणे म्हणाला, "वरून सनमायका मारून टाका." चिमट्यांबद्दल मात्र घरात मतभेद आहेत. ऐन वाऱ्याच्या दिवशी दोरीवरचे सगळे चिमटे एका बॉम्बर विमानाला लागलेले होते आणि आमचे टॉवेल तिसऱ्या घराच्या पेरूवर.

सासुरवाड लातूरची. ज्या गावाने आख्ख्या महाराष्ट्राला 'लातूर पॅटर्न' दिला, त्या गावात छंद हा शब्द दबक्या आवाजात उच्चारायचा असतो. तिथला माझा भाचा नीटची तयारी करतो. त्याला मी एक छोटं विमान दिलं तर मेव्हण्याने ते बारावी होईपर्यंत लोखंडी कपाटात कुलूपबंद केलं. मी त्याला सांगितलं, १९४२ साली अमेरिकन नौदलाने देशभरातल्या शाळांकडून पाच लाख मॉडेलं करून मागितली होती, एकास बहात्तर याच मापाची. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना ओळखता यावं म्हणून. शाळकरी पोरांनी युद्धाला हातभार लावला. मेव्हणा सगळं ऐकून म्हणाला, "त्याचे ग्रेस मार्क भेटले का पोरांना?"

२०१६चा उन्हाळा मात्र विसरणं शक्य नाही. लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या सुट्टीत मी सासुरवाडीला एक जवळजवळ पुरं झालेलं विमान घेऊन गेलो होतो. शेवटचं काम राहिलं होतं डिकॅल लावण्याचं, म्हणजे विमानावरची बोधचिन्हं आणि क्रमांक. ते कागदावर छापलेले असतात, आणि कागद पाण्यात भिजवल्याशिवाय सुटत नाहीत. मी सासूबाईंकडे वाटीभर पाणी मागितलं. कशाला, ते खरं सांगितलं. ज्या बाईने सकाळी टँकरच्या रांगेत घागर धरली होती, तिने माझ्याकडे पाहिलं, मग विमानाकडे पाहिलं. अर्धी वाटी दिली. काम झाल्यावर ती वाटी परत मागून घेतली आणि पाणी तुळशीला घातलं. त्या तुळशीला बहुधा ब्रिटिश हवाई दलाचा गोंद मानवला असावा, चांगली फुलली.

आता चांदीच्या चार डब्यांचं. ते विमान आमच्या भागाचं आहे, म्हणून एवढा खटाटोप.

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात यायला तयार नव्हतं. भारताने नाकेबंदी केली होती आणि निजामाला शस्त्रं हवी होती. तेव्हा सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक पुढे आला. हा गडी साधा नव्हे. पहिल्या महायुद्धात त्याने वैमानिकांसाठी उबदार पोशाख शोधून काढला होता, दुसऱ्याच्या तोंडावर जर्मनीचे चोरून हवाई फोटो काढले होते. त्याने लँकॅस्ट्रियन विमानं मिळवली आणि कराचीहून रात्री उडून बीदरला, वरंगळला शस्त्रं पोचवली. लँकॅस्ट्रियन म्हणजे लँकॅस्टर बॉम्बरचीच तोफा काढून मालवाहू केलेली आवृत्ती: चार इंजिनं, पंखांची लांबी १०२ फूट. बहात्तराने भागा, बरोबर सतरा इंच.

मी शाळेच्या ॲटलासवर कराची ते बीदर पट्टी ठेवून रेघ मारली. रेघ लातूरच्या अगदी जवळून गेली! कॉटन त्या रेघेवरूनच आला असेल असं मुळीच नाही, चोरटा माणूस सरळ कशाला येईल? पण सासुरवाडीच्या छपरावरून निजामाच्या बंदुका गेल्या असू शकतात, एवढी शक्यतासुद्धा जावयाला पुरेशी असते.

लँकॅस्ट्रियनचा डबा मला कुठे मिळाला नाही. लँकॅस्टरचा मिळतो. मग त्याच्या नाकातली, पाठीवरची आणि शेपटीतली तोफांची घुमटं कापायची, जागी लांबीने निमुळतं नाक आणि शेपूट घडवायचं, घासायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा घासायचं. बॉम्बरचा सज्जन माणूस करायला फार लांबी लागते. शेवटी चांदी. चारही डब्या लागल्या, रंगवाल्याला सांगा कुणीतरी.

ते घेऊन लातूरला गेलो. बायकोचे आजोबा, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, अठ्ठेचाळीस साली नऊ वर्षांचे होते. आजवर माझ्या छंदाबद्दल त्यांचं मत एवढंच होतं की करायचंच तर ट्रॅक्टर करावा. (एअरफिक्सने १९४९ साली आपलं पहिलं मॉडेल फर्ग्युसन ट्रॅक्टरचंच काढलं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. दरवर्षी एक ट्रॅक्टर मागतील.) मी कॉटनची गोष्ट सांगितली, ॲटलास दाखवला. आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आवाज आयकला होता मी."

दुसऱ्या दिवशी गल्लीतले त्यांच्या वयाचे आणखी दोघे आले. त्यांनीही ऐकला होता. एकाला विमानाचा रंगसुद्धा आठवत होता. रात्र होती ना, म्हटलं, तर म्हणाले चांदणं होतं. तिसरे आजोबा, जे चौऱ्याऐंशीचे असल्याचं सांगतात पण रेशनकार्डावर अठ्ठ्याहत्तरचे आहेत, त्यांनी तर ते विमान औश्याकडे उतरताना पाहिलं होतं.

पण आप्पांचा निकाल कडक होता. "निजामाचं विमान ह्या घरात नको, जावईबापू. माझ्या वडलांनी रझाकारांच्या भीतीनं आठ महिने सोलापुरात काढले."

बरोबर होतं त्यांचं. तेरा सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गात शिरलं आणि सतराला हैदराबाद शरण आलं, हे त्या घरात इतिहासाच्या पुस्तकातून आलेलं नाही. तेव्हा तह असा झाला: लँकॅस्ट्रियन नांदेडला माझ्या कपाटावर राहील आणि लातूरच्या शोकेसमध्ये मी टेंपेस्ट ठेवीन. त्या कारवाईत आपल्या हवाई दलाची टेंपेस्ट विमानं होती. एक इंजिन, सात इंचांहून किंचित कमी, तुलनेने पोरखेळ.

पोरखेळ निघाला नाही, कारण चिन्ह. आजचं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ १९५० नंतरचं. अठ्ठेचाळीसला आपल्या विमानांवर निळं अशोकचक्र होतं. ते डिकॅल मिळेना. शेवटी औसा रोडवर लग्नपत्रिका छापणाऱ्या एका डीटीपीवाल्याकडे गेलो आणि अर्ध्या इंचाची निळी चक्रं पानभर मागितली. त्याने मोठ्या आपुलकीने विचारलं, "चौदा एप्रिलसाठी का बुद्धपौर्णिमेसाठी?" मी विमानासाठी म्हटल्यावर त्याने पैसे आगाऊ घेतले.

सतरा सप्टेंबरला झेंडावंदन करून आप्पा घरी आले. टेंपेस्ट शोकेसमध्ये उभं होतं. शेजारचे निवृत्त गुरुजी आधी म्हणाले चिन्ह चुकलं, तिरंगा पाहिजे. आप्पांनी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं, पन्नासच्या आधी चक्रच होतं, तुम्हाला काय माहीत. मला वाटलं, जिंकलो. मग आप्पांनी खिशातून भिंग काढलं, जे ते पंचांगासाठी वापरतात, आणि विमान खिडकीशी नेऊन अर्धा तास बसले.

"बावीस हाईत," ते म्हणाले. "दोन आरे कुठं गेले, जावईबापू?"

मी मोजले, पंचवीस आले. मेव्हण्याने तेवीस मोजले. बायको म्हणाली, माझा चष्मा आणा. भाच्याला खोलीतून बोलावलं गेलं, नीटची तयारी सोडून, घरच्यांच्या परवानगीने, बहुधा पहिल्यांदाच. त्याने मोबाइलवर फोटो काढून मोठा केला तर आरे एकमेकांत मिसळून गेले.

आप्पांनी सकाळच्या उजेडात फेरमोजणी लावली आहे. गुरुजींना पंच नेमलं आहे, आणि ते पोळीभाजीचा डबा घेऊन येणार आहेत.