षड्ज आणि ड्रोन

धारवाडात इलेक्ट्रॉनिक संगीताचं नाव काढलं की जाणकार कानांवर हात ठेवतात. मग त्यांच्यासमोर गवई बसतो, मागे तंबोऱ्याची विजेवरची पेटी चालू होते आणि हेच कान तृप्त होतात. गायक मल्लिकार्जुन मन्सूरांच्या या गावातसुद्धा मिरजेचा तंबोरा जुळवत बसायला आता वेळ कोणाला आहे?

ही पेटी बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी 1979 साली काढली. स्वतः बासरीवादक, पण नोकरी हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये, म्हणजे लढाऊ विमानांच्या कारखान्यात. (त्याच कारखान्याने इक्वेडोरला सात ध्रुव हेलिकॉप्टरं विकली. चार कोसळली, 2015 मध्ये करार रद्द झाला. पेटीचा षड्ज मात्र अजून पडलेला नाही.)

हुबळीतली पोरं मोबाइलवर ज्या स्पॉटिफायवर गाणी ऐकतात, ते प्रकरण आणखी सुरेल आहे. स्पॉटिफायचे सहसंस्थापक डॅनिएल एक यांनी 2021 मध्ये हेल्सिंग या जर्मन युद्धतंत्र कंपनीत 10 कोटी युरो घातले. 2025 मध्ये त्यांच्याच गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने आणखी 60 कोटी उभे राहिले. हेल्सिंग हल्ल्याचे ड्रोन बनवते. ‘मॅसिव्ह अटॅक’ या इलेक्ट्रॉनिक बँडने निषेध म्हणून आपली गाणी स्पॉटिफायवरून काढून घ्यायला सांगितलं. स्पॉटिफायचं उत्तर : स्पॉटिफाय आणि हेल्सिंग या दोन्ही कंपन्या वेगळ्या. असतीलच. डावा खिसा आणि उजवा खिसाही वेगळेच असतात.

तेव्हा दरमहा वर्गणी भरणाऱ्यांनो, आपला खारीचा वाटा ओळखा. आणि फुकट ऐकणाऱ्यांनो, हसू नका. मधल्या जाहिराती तुमच्याच जिवावर चालतात.